पोतं हेही कापडच : आमची वाटचाल

बेळगावच्या वडगावात आमचं शिवणकामाचं लहानसं युनिट आहे. कच्चा माल एकच, रिकामी पोती. तांदळाची, मैद्याची, साखरेची, पशुखाद्याची. त्यातून आम्ही दळणाच्या आणि बाजाराच्या पिशव्या, अंथरुणं भरून माळ्यावर टाकायच्या मोठ्या बॅगा, मिक्सरची आणि शिलाई मशिनची कव्हरं, दप्तरावर घालायच्या पावसाळी खोळी आणि कांदे-बटाट्यांसाठी गोणपाटाच्या थैल्या शिवतो.

वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. आमच्याही घरात यंत्रमाग होते. मी लग्न होऊन आले ती कांड्या भरायलाच, म्हणजे मागासाठी दोरा गुंडाळायलाच बसले. पुढं साड्यांचा उठाव कमी होत गेला, 2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी गल्लीत शिरलं, आणि पुढच्याच मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. माग विकावे लागले. शिलाई मशिन तेवढं राहिलं. दळणाला जायला धड पिशवी नव्हती म्हणून तांदळाच्या पोत्याची एक शिवली. गिरणीत रांगेला उभ्या असलेल्या बायकांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि "मला पण एक शिवून दे की गे" म्हणून मागं लागल्या. धंदा सुरू झाला तो असा.

मागावर आयुष्य काढलेल्या बायकांना पोतं चटकन कळतं, कारण तेही विणलेलंच असतं. पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या ताण्याला आणि बाण्याला, म्हणजे उभ्या-आडव्या लावून गोल फिरणाऱ्या मागावर त्याची नळी विणतात. म्हणून पोत्याला बाजूची शिवण नसते. ही नळी मधोमध आडवी कापली की दोन पिशव्यांची अंगं मिळतात, तळ आणि तोंड तेवढं शिवायचं. जिथं शिवण नाही तिथं उसवायची भीती नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पिशव्या कडेच्या शिवणीतच फाटतात, आमच्या पिशवीला ती जागाच नाही.

शिवताना मात्र या कापडाचे नियम वेगळे. कात्रीनं कापलं की कडेच्या पट्ट्या सुटायला लागतात, म्हणून आम्ही गरम पात्यानं कापतो, कड जागीच वितळून बंद होते. इस्त्री लावायची नाही, साधारण 160 अंशांच्या पुढं हे प्लॅस्टिक वितळतं. टाका लांब ठेवायचा, चार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका दिसायला नीट, पण तिकिटांच्या भोकांसारखी रांग पडते आणि ओझं आलं की पिशवी तिथंच फाटते. दोरा पॉलिस्टरचाच, सुती दोरा ओलाव्यानं कुजतो. पिशवी धरायचे बंद पोत्याचे करत नाही, निवाड म्हणजे जाड विणलेली पट्टी लावतो. ती पिशवीच्या तळाखालून फिरवून आणतो, म्हणजे भार कापडावर न येता निवाडीवर येतो.

या कामात मला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, ते सांगते. पोत्यात आधी काय भरलं होतं, हे कळल्याशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही. खताची आणि कीटकनाशकांची पोती कितीही धुतलेली असली, फुकट मिळत असली, तरी परत पाठवतो. सिमेंटची पण नाही, ती धूळ विणीत बसते आणि हाताची कातडी सोलते. पशुखाद्याच्या पोत्यांना वरून छापील चकचकीत फिल्म असते, ती कव्हरांना उत्तम. पण त्यातून खाण्याच्या वस्तूंची पिशवी कधीच नाही. दळणाच्या पिशव्या फक्त तांदळाच्या आणि मैद्याच्या पोत्यांच्या. पोती आली की दारातच वेगवेगळे ढीग लागतात, आणि कुठलं पोतं कशाचं हे ओळखता येईना तर ते भंगारात जातं. घरात वापरायची वस्तू आहे, लहान मुलं तिच्यात तोंड घालतात. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

गोणपाटाची गोष्ट न्यारी. तागाचे धागे मऊ करायला कारखान्यात तेल लावतात, त्याचा रॉकेलसारखा वास पोत्याला असतो. सोड्याच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात टाकलं की तो उतरतो. गोणपाटाला ऊन हवं आणि प्लॅस्टिकच्या पोत्याला सावली. उन्हात राहिलेलं प्लॅस्टिकचं पोतं हळूहळू ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो. पोत्याचा कोपरा अंगठ्यानं चोळून बघायचा, पावडर हाताला लागली तर ते पोतं संपलं. गिऱ्हाइकांनाही आम्ही पिशवी देताना सांगतो, "वैनी, गच्चीवर टाकून ठेवू नका, आतच अडकवा."

ताग आता मिळतो कमी. 1987 च्या कायद्यानं धान्याला आणि काही प्रमाणात साखरेला तागाचं पोतं सक्तीचं आहे, पण आमचा जिल्हा उसाचा असूनही साखरेची पोती बहुतेक प्लॅस्टिकचीच येतात. जुनं गोणपाट दिसलं की आमच्याकडच्या आक्का ते कुणाला देत नाहीत.

प्लॅस्टिक हे प्लॅस्टिकच, मग यात चांगलं काय, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. 2016 मध्ये कर्नाटकात कॅरीबॅगवर बंदी आली, तेव्हा दुकानांत कापडासारख्या दिसणाऱ्या मऊ पिशव्या आल्या. लोक त्यांना कापडी समजले, पण त्याही पॉलिप्रोपिलीनच्याच, आणि चार वेळा वापरल्या की संपल्या. आमच्या पिशवीसाठी नवीन प्लॅस्टिक तयार होत नाही आणि ती वर्षानुवर्षं चालते, एवढंच मी छातीठोकपणे सांगते. कापताना उरणारे तुकडे शिवण्याआधीच वेगळे ठेवतो. पॉलिस्टरचा दोरा मिसळला की भंगारवाला भाव पाडतो, स्वच्छ तुकडे मात्र वितळवून परत प्लॅस्टिकचा दाणा करायला जातात.

"जुन्या पोत्याची पिशवी आणि एवढे पैसे?" हे रोज ऐकते. पोतं ही त्यातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट आहे. ते धुणं, वाळवणं, निवडणं, कापणं, निवाड, दोरा आणि बाईची मजुरी, पैसा इथं जातो. मजुरी कमी करून पिशवी स्वस्त करायची नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. कांड्या भरण्याच्या कामाला या बायकांना काय मिळायचं, ते मी बघितलं आहे.

सीमाभागात धंदा करताना एक वेगळंच गणित असतं. आमची गिऱ्हाइकं शिनोळी, चंदगड, गडहिंग्लजला आहेत. कोल्हापूर आम्हाला साधारण 110 किलोमीटर आणि बेंगळुरू 500. पण रस्त्यात राज्याची हद्द येते, आणि परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. नोंदणी घेतली, दर महिन्याचे कागद आले, पण चंदगडच्या दुकानदारांना पक्कं बिल मिळायला लागलं आणि ऑर्डरी वाढल्या. पिशवीवरची चिठ्ठी कन्नड आणि मराठी दोन्हींत छापतो. कामावरच्या बायकाही दोन्ही भाषा बोलतात, एकाच वाक्यात सुद्धा.

सध्या दप्तराच्या खोळींचं काम जोरात आहे. खानापूरकडच्या पावसात मुलांची वह्यापुस्तकं भिजतात. सुईच्या भोकातून पाणी शिरतं, म्हणून या खोळीला वरच्या अंगाला एकही शिवण ठेवलेली नाही, सगळ्या शिवणी खाली, पाठीच्या बाजूला.

पोती आम्ही रविवार पेठेतल्या धान्याच्या दुकानांतून, बेकऱ्यांतून आणि घराघरांतून विकत घेतो. तुमच्याकडं असतील तर एवढंच करा, तोंड सुरीनं कापू नका. पोत्याची शिवण साखळी टाक्याची असते, योग्य टोकाचा दोरा धरून ओढला की सगळी एका दमात सुटते. एका टोकानं सुटली नाही तर दुसऱ्या टोकानं ओढून बघा. पोतं पूर्ण लांबीचं मिळालं तर त्यात दोन पिशव्या बसतात.