पंख मिटल्यावर खरं कळतं

आपल्या बायो लॅबमध्ये दाराच्या मागे फुलपाखरांचा एक मोठा चार्ट लावलेला असायचा, आठवतोय का कोणाला? सगळी फुलपाखरं त्यात मस्त पंख पसरून. आणि मागच्या बागेत जाऊन बघावं तर बरीचशी पंख मिटून बसलेली, म्हणजे चार्टवर वरची बाजू, समोर खालची बाजू आणि दोन्हींचा काही मेळच नाही. आपल्या जीवशास्त्राच्या बाई म्हणूनच नाव विचारायच्या नाहीत, वहीत आधी खालच्या बाजूचं चित्र काढायला लावायच्या. तेव्हा जाम बोअर व्हायचं, खोटं कशाला बोलू.

पण त्या पिवळ्या ग्रास यलोचंच बघा ना. वरून सगळ्या सारख्याच, पिवळ्या आणि काळ्या कडेच्या, आणि बसताना पंख मिटूनच बसणार. मग पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी शिरांनी वेढलेली जी लांबट जागा असते, जिला सेल म्हणतात, तिथे बघायचं. दोन बारीक खुणा असतील तर कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट, एकच असेल तर वन-स्पॉट. ऐकायला सोपं वाटतं, पण मोसमाप्रमाणे खुणा गडद-फिक्या होतात त्यामुळे डोळे फोडून बघावं लागतं.

सगळ्यात मजा यायची ती प्लेन टायगरला. त्याची अळी रुईवर वाढते, त्या चिकातलं विष अंगात साठवते म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि याचा फायदा उठवते डॅनाइड एगफ्लायची मादी. तोच केशरी रंग, तीच काळी-पांढरी टोकं, उडायची ढबसुद्धा तीच!! फरक मागच्या पंखावर. प्लेन टायगरला मधोमध तीन काळे ठिपके (नराला एक जास्तीचा), एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला फक्त एक. आणि तिचा नर बघाल तर तो काळाभोर, पांढरे मोठे डाग आणि त्यांना निळी-जांभळी झाक, हे जोडपं आहे असं सांगूनही कोणाला पटत नाही.

कॉमन मॉरमॉनची मादी तर त्याहून वस्ताद. एक रूप नरासारखं, एक कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्याच फुलपाखरासारखं, एक क्रिमसन रोझ या तिसऱ्याच फुलपाखरासारखं. निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने 1865 मध्येच यावर लिहून ठेवलंय आणि 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एकाच जीनचा, म्हणजे नर-मादी घडवण्यात ज्याचा हात असतो तोच. ओळखायचं कसं, तर इथे पंखांवर वेळच घालवू नका, अंग बघा. अंग लाल असेल तर रोझ, काळं असेल तर मॉरमॉन. विषय संपला.

बाईंचा नियम मोडणारे पण आहेत हं. कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो घ्या, तिथे नराच्या पुढच्या पंखावर वरच्या बाजूने एक पट्टी की दोन ते बघायचं, त्यामुळे तो पंख उघडेपर्यंत ताटकळत बसा. उलट जेझेबेलची खालची बाजूच जास्त रंगीत, कारण ती उंचावर उडते आणि आपण बघतो खालून. पण तिच्यासारखंच पेंटेड सॉटूथ आहे, तेव्हा मागच्या पंखाच्या कडेचे लाल ठिपके बघून घ्या, टोकदार असतील तर जेझेबेल आणि चौकोनी असतील तर सॉटूथ.

आता बॅचच्या ग्रुपवर सारखं कोणीतरी फोटो टाकतं, खाली "हे कोणतं रे?" आणि मला टॅग. अरे बाबांनो, एक फोटो वरून, एक बाजूने पंख मिटलेला आणि जमलं तर अंग दिसेल असा एक, एवढं तरी पाठवत जा. आणि ते छोटे निळे ग्रास ब्लू असतील आणि खालच्या बाजूचा फोटो नसेल तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.