दश्शी कधी सोडायची

कोजागरी, रात्रीचा एक

‘दूध आटेपर्यंत दोन डाव’ म्हणून चादर पसरतात आणि दूध आटून गार होतं तरी पत्त्यांचा मेंढीकोट चालूच. बदाम सात लहान पोरांनाही जमतो, त्यातले रुसवे अठ्ठी कुणी अडवून धरली एवढ्यापुरतेच. मेंढीकोटात भिडू असतो, म्हणजे चूक मांडायला हक्काचं खातं.

आणि निम्मी भांडणं दश्शीवरून, म्हणजे दहाच्या पानावरून. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन आल्या की डाव आपला. दोन-दोन झाल्या तर तेरापैकी सात हात, म्हणजे चौघांच्या पानांच्या फेऱ्या, जिंकणाऱ्यांचा. चारही घेतल्या की मेंढीकोट. तेराच्या तेरा हात घेतले तर बावन्न पानांचा कोट, आणि तो खाल्लेल्या जोडीला दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

दश्शी मोलाची खरी, पण तिच्यात जोर नाही. वर एक्का, राजा, राणी, गुलाम बसलेत. ती स्वतःच्या बळावर हात करील म्हणून दाबून बसणारा बहुतेक वेळा ती घालवतो. एका रंगाची पानं १३. चौघांनी तीनदा रंग दिला की १२ संपली. इतकी सारखी वाटणी क्वचितच असते, त्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत कुणाचा तरी रंग तुटतोच, म्हणजे संपतो, आणि हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, पडतो. म्हणून भिडूनं पहिल्याच फेरीत एक्का उतरला की त्यावर दश्शी सोडून मोकळं व्हावं. ‘पुढच्या हाताला बघू’ म्हणणाऱ्याशी नंतर कुणी बोलत नाही.

कट हुकुमात आणखी एक युक्ती आहे. उतरलेला रंग ज्याच्याकडे नाही, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. अशा वेळी चौथं पान आपलं असेल तर सरळ दश्शीच टाकावी. तीच हुकूम ठरते, तोच हात मारते आणि मेंढी घरात येते. त्या रंगाची आणखी तीन-चार पानं हातात असली तर दुधात साखर. चौथी पाळी नसेल तर मात्र धोका आहे: आपल्यानंतर खेळणाऱ्याचाही तोच रंग तुटलेला असला आणि त्यानं नव्या हुकुमाचा गुलाम टाकला, तर दश्शी गेली.

बंद हुकुमाचे, म्हणजे पालथ्या ठेवलेल्या पानाचा रंग हुकूम असतो त्या खेळाचे, नियम प्रत्येक आजोळी वेगळे. पालथं पान कुणी ठेवायचं, कुणी मागितल्यावर उघडायचं, दश्शी पालथी ठेवली तर चालते का, हे पिसण्याआधी ठरवून घ्यावं. पानं पाहिल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचा नियम आठवतो.

वाटताना आधी पाच-पाच, मग दोनदा चार-चार. सहा जण असले तर चारही दुर्र्या बाजूला ठेवायच्या, ४८ पानं उरतात, प्रत्येकी आठ. भिडू एकाआड एक बसवावेत, शेजारी बसले की पानं दिसतात. तशी खाकरण्याची खूण कुठूनही ऐकू जातेच म्हणा.

रंग असून न देणं हा दुसरा कळीचा मुद्दा. यात लबाडी कमी, घोटाळा जास्त. हातात इस्पिक आणि किल्वर शेजारी लावले की पिवळ्या दिव्याखाली इस्पिकची छक्की किल्वरांत खुशाल लपते. पानं काळा-लाल-काळा-लाल अशी लावावीत. जिंकलेले हात पालथे ठेवावेत, पण एकावर एक आडवे-उभे, म्हणजे मागचा हात उलगडून बघता येतो. मेंढ्या मात्र समोर उघड्या.

आणि कॅट, म्हणजे पत्त्यांचा जोड, आधी मोजावा. घरचा कॅट बहुधा ५१ चाच निघतो. जोकरवर पेनानं ‘चौकट तिर्री’ लिहून भागतं, पण हरवलेलं पान दश्शी असेल तर नवा कॅटच काढावा. जोकर कधी हाताळलेला नसतो, त्याची पाठ कोरी करकरीत, त्यामुळे मेंढी कुणाकडे गेली ते वाटतानाच सगळ्या चादरीला कळतं.