लाइनीखाली मोबाइलची बॅटरी उतरते का?

"शेतावरून हायटेन्शन गेलीय. खाली मोबाइल ठेवला की बॅटरी भराभर उतरते. लाइन खेचते का हो बॅटरी?" सबस्टेशनमधून निवृत्त झाल्यापासून गावाकडं गेलो की हा प्रश्न ठरलेलाच. पुन्हा विचारलंत म्हणून लिहितो.

नाही, खेचत नाही. पण एवढ्यानं कोणाचं समाधान होत नाही, कारण लाइनीखाली हातात धरलेली ट्यूबलाइट मिणमिणते हे अनेकांनी पाहिलंय. मीही पाहिलंय. मग बॅटरीलाच काही का होऊ नये?

४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या लाइनीखाली एका मीटर उंचीत काही हजार व्होल्टचा फरक असू शकतो. चार फुटी ट्यूब उभी धरली की तिच्या दोन टोकांत तो मिळतो आणि आतल्या विरळ वायूला चमकायला अगदी थोडा करंट पुरतो. मोबाइलची बॅटरी ॲल्युमिनियमच्या पातळ वेष्टनात बंद असते, त्यामुळं हा फरक आत पोचत नाही. शिवाय ती उतरायची तर आतून करंट एकाच दिशेनं वाहत राहावा लागतो. लाइनीतली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. जेवढं पुढं ढकललं तेवढंच मागं ओढलं. राहिलं लाइनीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. त्याचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवतो. लाइनीखाली दहा मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) धरले, फोनमध्ये तळहाताएवढं तारेचं वेटोळं धरलं, तर त्यात साधारण तीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे तीस दशलक्षांश, उमटतात. बॅटरी ३.७ व्होल्टची. लाखातला एक भागसुद्धा होत नाही.

एका शिक्षिकेनं पुढचा प्रश्न विचारला होता: लाइनच डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची असेल तर? मला फार आवडला तो प्रश्न. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला येणारी ५०० केव्हीची लाइन डीसीच आहे, साडेसातशे किलोमीटर लांब. पण तिचं क्षेत्र स्थिर असतं, आणि स्थिर क्षेत्र जागेवर पडून असलेल्या फोनमध्ये करंट सुरू करत नाही.

मग बॅटरी उतरते ती खरीच. हायटेन्शन लाइनी वस्तीपासून दूर, शेतांतून जातात. मोबाइलचा टॉवरही तिथून लांब. रेंज कमी की फोन जोर लावून सिग्नल पाठवतो, पुन्हा पुन्हा टॉवर शोधतो. त्यात आपलं ऊन. उन्हात तापलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, मग ती लाइनीखाली असो की गाडीच्या डॅशबोर्डवर.

वर्ध्याकडच्या एका शेतकऱ्याला हे पटेना. म्हटलं, एक रात्र फोन एरोप्लेन मोडवर टाकून त्याच जागी ठेवा. सकाळी जेमतेम एक टक्का उतरला होता. नेहमी तीसेक टक्के जायची. ते खुश झाले, पण माझी नजर त्यांच्या कुंपणावर होती. लाकडी खांबांवर ताणलेली तार, लाइनीला समांतर, लांबच लांब, कुठंही अर्थिंग नाही. बॅटरीला काही होत नसलं तरी अशा तारेत लाइनीमुळं वीज उमटते. "तारेला हात लागला तर झिणझिण्या येतात का?" "येतात की. पोरं मुद्दाम हात लावतात."

त्या दिवशी जेवायच्या आधी आम्ही ओल्या बांधात लोखंडी सळ्या ठोकल्या, दर थोड्या अंतरावर एक, आणि तार त्यांना घट्ट बांधली.