कॅडिसच्या कोषापायी गेलेले एकोणीस दिवस

सोमेश्वरच्या वरच्या अंगाला गोदावरीत दिवेलागणीला मासे वर येऊन पाणी हलवायचे आणि माझी फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा, त्यांच्या डोक्यावरून तशीच वाहून जायची. टॉर्चच्या उजेडावर कॅडिस येत होते, म्हणजे पाण्यात अळी-कोष होऊन मग उडणारे पतंगासारखे किडे, म्हणून मी उडत्या कॅडिसचीच फ्लाय बांधली होती. तो ओळखणं सोपं. बसला की पंख कौलारू छपरासारखे उतरते, मिशा लांब, शेपटी नाही. मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याचे पंख उभे असतात आणि मागे दोन-तीन लांब शेपट्या. पतंगाच्या पंखांची भुकटी बोटाला लागते; कॅडिसच्या पंखांवर बारीक केस असतात.

अळीही पहिल्याच दिवशी मिळाली. दगड उलटा केला तर खाली रेशमाचं जाळं, शेजारी अळी. छातीच्या तिन्ही खंडांवर कडक पाट्या, पोटाखाली झुपकेदार कल्ले. म्हणजे हायड्रोसायकिडी कुळ. धरणातून वाहत येणारं बारीक खाणं ही अळी जाळ्यात धरते, त्यामुळे धरणाखालच्या वाहत्या पाण्यात ती भरपूर सापडते.

अडलं ते कोषाशी. दगडाला खड्यांची छोटी घुमटी चिकटलेली होती. फोडली तर आत मऊ, फिकट काहीतरी. नुसत्या डोळ्यांनी कळेना, म्हणून बाटली घेऊन एका महाविद्यालयात गेलो. मायक्रोस्कोप फक्त अर्धा तास हवा होता.

"बाहेरच्या माणसाला देता येत नाही. अर्ज करा."

अर्ज केला. चार दिवसांनी गेलो तर विषय नीट लिहिलेला नाही. दुसरा लिहिला. आठवड्याने गेलो तर आवकला नोंद झालेली, पण कागद टेबलावरच. "साहेब रजेवर आहेत." पुढच्या खेपेला ओळखपत्राची झेरॉक्स मागितली, ती पहिल्याच दिवशी सांगता आली असती. दर खेपेला दुकान अर्धा दिवस बंद. माझा राग नियमावर नाही. यंत्र महागडं आहे, जपायलाच हवं. पण काय काय लागतं ते एकदाच कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? आत कुणी किडा बघायला आलंय याचं त्या खिडकीला काहीच नव्हतं, आणि तेच मला अजून लागतं.

एकोणिसाव्या दिवशी सही झाली. आतल्या मॅडमनी मात्र स्वतः शेजारी बसून दाखवलं. घुमटीच्या टोकाला अळीची टाकलेली कातडी चेपून बसलेली, आणि कोषाच्या पातळ आवरणातून तयार कॅडिस दिसत होता: मिशा, पंखांच्या घड्या, मधल्या पायांवर पोहायला केसांची झालर. "अळी आणि उडता किडा एकाच जातीचे आहेत याचा पुरावा इथेच मिळतो," त्या म्हणाल्या. हा जीव जबड्यांनी घुमटी कापतो, पोहत वर येतो आणि पृष्ठभागाशी कात टाकून उडतो. मासे त्याला तिथे पोचण्याआधीच गाठत होते. मला केवढा आनंद झाला!

त्याच आठवड्यात मऊ पिसाची, बुडणारी फ्लाय बांधली. प्रवाहाला आडवी टाकायची, खाली जाऊ द्यायची आणि शेवटी दोरी ताणून वर येऊ द्यायची. दुसऱ्याच संध्याकाळी झटका बसला.

गळासाठी कुळापर्यंत ओळख पुरते. सराफ बाजारात सोनार वापरतात तसलं दहापट भिंग घ्या. पाट्या, कल्ले, पंखांच्या घड्या त्यात दिसतात. जात ठरवायची असेल तरच मायक्रोस्कोपच्या मागे लागा, आणि झेरॉक्स पहिल्याच दिवशी न्या. अळी अल्कोहोलमध्ये टाकण्याआधी फोटो काढा, नंतर रंग उडतो. मी दोन बाटल्या अशाच घालवल्या. दगड उलटा केलात तर होता तसाच ठेवा. आणि धरणातून आवर्तन सुटणार असेल त्या दिवशी पात्रात उतरू नका, पाणी बघता बघता वाढतं.