पाऊसनोंद, नोंद ७: फोल्डर एकच, पण लिबमाप सापडते आणि लिबकाळ सापडत नाही

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की पाऊसनोंद या पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्या माझ्या प्रोग्रामचे लिबमाप आणि लिबकाळ या दोन सामाईक लायब्रऱ्यांत (अनेक प्रोग्रामना वापरता येणाऱ्या कोडच्या फाइलींत) विभाजन पूर्ण झाले असून, औसा तालुक्यातील आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे सगळे असलेला फोल्डर नेऊन ठेवणे एवढेच बाकी आहे. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री पर्जन्यमापकाचे भांडे पलटत होते, परंतु प्रोग्राम सुरूच झालेला नव्हता. ज्या ओलीवर सोयाबीनची पेरणी ठरते, त्याच पावसाची नोंद कोरी राहिली, याचे मला फार वाईट वाटले.

लॉगमध्ये एकच ओळ होती: लिबकाळ.एसओ.१ ही शेअर्ड ऑब्जेक्ट, म्हणजे सामाईक लायब्ररीची, फाइल उघडता येत नाही, अशी फाइल नाही. ती ओळ वाचून मी दोन संध्याकाळी मेकफाइल (प्रोग्राम बांधण्याच्या, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार करण्याच्या, सूचनांची फाइल) तपासण्यात घालवल्या, आणि याला माझी परिभाषेची वहीच कारणीभूत ठरली. त्या वहीत मी 'एलडी' आणि 'एलडी.एसओ' या दोघांनाही 'जोडक' म्हटले होते. प्रत्यक्षात 'एलडी' हा प्रोग्राम बांधताना काम करतो, तर 'एलडी.एसओ' हा प्रोग्राम सुरू होताना प्रत्येक वेळी. त्यांच्या तक्रारींची भाषाही वेगळी असते. बांधताना नाव जुळले नाही तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे येते. चालवताना जुळले नाही तर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' असे येते. माझी ओळ स्पष्टपणे दुसऱ्या घरची होती. म्हणून आजपासून या नोंदींत 'एलडी'ला सांधक आणि 'एलडी.एसओ'ला जोडक म्हणायचे मी ठरवले आहे. 'सामाईक' हा शब्द मात्र बदलणार नाही. सातबाऱ्यावर सामाईक विहीर वाचणाऱ्याला, एकच प्रत अनेक प्रोग्रामनी वापरायची ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता मूळ अडचणीकडे वळतो. पाऊसनोंदला लिबमाप लागते आणि लिबमापला लिबकाळ लागते. दोन्ही लायब्रऱ्या एकाच 'लिब' फोल्डरमध्ये आहेत, दोन्हींच्या सोनेमच्या (लायब्ररीमध्ये नोंदलेल्या तिच्या नावाच्या) सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नावे, जागेवर आहेत आणि प्रोग्राममध्ये त्या फोल्डरची वाट 'आरपाथ' पर्यायाने लिहिलेली आहे. तरीही लिबमाप सापडत होती आणि शेजारचीच लिबकाळ सापडत नव्हती. लातूरला घरच्या पायवर मात्र तोच फोल्डर निर्धोक चालत होता.

शेवटी जोडकाला आपला शोध लिहून दाखवायला लावणाऱ्या 'एलडी_डीबग' या वातावरणातल्या चलाला 'लिब्ज' ही किंमत देऊन आखाड्यावर प्रोग्राम चालवला, तेव्हा उलगडा झाला. लिबमाप शोधताना जोडकाने आमच्या फोल्डरचे नाव घेतले होते. लिबकाळ शोधताना त्याने कॅश (लायब्रऱ्यांच्या जागांची साठवलेली यादी) आणि नंतर प्रणालीचे ठरलेले फोल्डर एवढेच पाहिले. बांधलेल्या फाइलच्या आत काय लिहिले आहे ते दाखवणाऱ्या 'रीडएल्फ'ने प्रोग्रामचा डायनॅमिक विभाग (जोडकासाठीच्या नोंदींचा भाग) उघडला, तर तिथे 'आरपाथ' नव्हे, 'रनपाथ' लिहिलेला होता. पर्याय जुन्याच नावाचा असला तरी माझ्या नव्या प्रणालीवरचा सांधक त्यातून रनपाथ लिहितो.

या दोहोंतला फरक आपल्यापैकी अनेकांना नडलेला असणार, म्हणून तो सविस्तर लिहितो. आरपाथ वारशाने खाली उतरतो: प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररीला जे लागते, त्याच्या शोधातही तो वापरला जातो. रनपाथ ज्या फाइलमध्ये लिहिला आहे, तिच्या थेट गरजांपुरताच चालतो. शिवाय आरपाथ 'एलडी_लायब्ररी_पाथ'च्या, म्हणजे वापरणाऱ्याने वातावरणात दिलेल्या वाटेच्या, आधी पाहिला जातो आणि रनपाथ नंतर. वापरणाऱ्याला लेखकाची वाट बदलता यावी, हा या बदलामागचा हेतू मला योग्य वाटतो. घरी सगळे चालत होते, कारण माझ्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) 'एलडी_लायब्ररी_पाथ' गेल्या वर्षीपासून पडून होता. आखाड्यावर सिस्टमडी ही सेवा सांभाळणारी यंत्रणा प्रोग्राम सुरू करते आणि ती बॅशआरसी वाचत नाही. घरी कोणती लायब्ररी कुठे सापडते ते दाखवणाऱ्या 'एलडीडी' या आज्ञेने सर्व ठीक दाखवले, कारण तीही त्याच वातावरणात चालत होती. यापुढे मी आधी 'रीडएल्फ' पाहीन. फाइलमध्ये खरोखर काय लिहिले आहे ते तीच सांगते.

पहिला उपाय म्हणून सांधकाला जुनाच आरपाथ लिहायला सांगायचे मी ठरवले होते. पण नंतर तो बेत रद्द केला. लिबमापला लिबकाळ लागते, तर तिची वाट लिबमापनेच सांगितली पाहिजे. म्हणून लिबमापमध्येच 'डॉलर ओरिजिन' असा रनपाथ दिला, म्हणजे 'मी जिथे आहे तिथेच पाहा'. पहिल्या प्रयत्नात 'रीडएल्फ'ने 'ओरिजिन'ऐवजी 'रिजिन' दाखवले. मेकफाइल चालवणाऱ्या मेकने डॉलर आणि त्यापुढचे 'ओ' हे अक्षर मिळून एक रिकामे चल मानले आणि गिळून टाकले. मेकफाइलमध्ये दोन डॉलर हवेत आणि शेलपासून (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामपासून) वाचवण्यासाठी भोवती एकेरी अवतरणेही हवीत. तयार फाइलमधली वाट बदलणाऱ्या 'पॅचएल्फ'ने हे एका आज्ञेत झाले असते, पण ते हत्यार दुसऱ्याने बांधलेल्या फाइलींसाठी राखावे. स्वतःची फाइल मेकफाइलमध्येच दुरुस्त करावी, नाहीतर पुढच्या बांधणीत दुरुस्ती हरवते.

त्यानंतर घरीच 'एन्व्ह' या आज्ञेला उणे आय हा पर्याय देऊन, म्हणजे रिकाम्या वातावरणात, प्रोग्राम चालवून पाहिला. ही चाचणी आता मेकफाइलमध्ये कायमची ठेवली आहे. काल आखाड्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतले. भांडे एका बाजूला कलले, टक् असा आवाज आला आणि पडद्यावर ०.२ मिलिमीटरची ओळ उमटली. पाच वेळा टक् झाले आणि बेरीज बरोबर १ मिलिमीटर आली. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या दुकानातून घेतलेले नवे मेमरी कार्डही वारंवार लाईट जाऊनही टिकून आहे; त्या दुकानदाराने स्वस्तातले कार्ड घेऊ नका असे स्वतःहून सांगितले होते.

पुढच्या नोंदीत लिबकाळ स्थिर आर्काइव्ह (बांधतानाच आत मिसळून जाणारी लायब्ररी) करून लिबमापमध्येच सांधून टाकायचा विचार होता, कारण ती दुसरे कोणीही वापरत नाही. पण आर्द्रतेचा सेन्सर आला की त्यालाही वेळेचा शिक्का लागेल, तेव्हा लिबकाळ सामाईकच राहू द्यावी असे आता वाटते. त्या सेन्सरचा कोड 'डीएलओपन'ने (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या हाकेने) चालू प्रोग्राममध्ये आणणार आहे. तिथेही रनपाथ बोलावणाऱ्या फाइलचाच पाहिला जातो, म्हणून 'डीएलओपन'ची हाक प्रोग्राममधून द्यायची की लिबमापमधून, हे आधी ठरवावे लागेल.