सहा सिलिंडरच्या शेवरलेट सी-१० ला पॉवर स्टिअरिंग बसवताना

१९६७ ते १९७२ च्या शेवरलेट सी-१० पिकअपला पॉवर स्टिअरिंग बसवायचं म्हटलं की चर्चा लगेच बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगच्या गिअरपेटीवर, येते. कुठला घ्यायचा, किती रेशोचा, नवा की रिबिल्ट. व्ही-८ वाल्यांचं ठीक आहे, त्यांना पंपाचं ब्रॅकेट आणि पुली तयार संचात मिळतात. माझ्या ट्रकात २५० घनइंचाचं, म्हणजे ४.१ लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि तिथे सगळं उलटं होतं. बॉक्स सहज बसतो, जीव काढतो तो त्याला दाबाचं तेल पुरवणारा, इंजिनाच्या बेल्टवर चालणारा पंप. म्हणून मी आधी पंप, पुली आणि बेल्ट पूर्ण बसवून घेतले आणि बेल्ट सरळ फिरतो याची खात्री झाल्यावरच जुन्या बॉक्सला हात लावला. ब्रॅकेट शोधण्यात कितीही वेळ गेला तरी तोवर ट्रक चालता राहतो, हा या क्रमाचा वरचा फायदा.

कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दांड्यावर, बसणारी इलेक्ट्रिक मोटर हा पर्याय हल्ली बरेच जण सुचवतात. सॅटर्न व्ह्यू या गाडीचा कॉलम त्यासाठी लोकप्रिय आहे, आणि त्यात पंप-बेल्टची भानगडच नाही. पण जागच्या जागी चाक वळवताना ती मोटर भरपूर करंट ओढते, आणि या ट्रकांना मूळचा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा. म्हणजे अल्टरनेटर बदला, जाड वायर ओढा, कॉलम कापा. मला ते पटलं नाही. बेल्टवर चालणारा पंप वीस वर्षांनीही कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होईल.

आता पंप. शेवरलेटच्या या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड (हवा आत नेणारं आणि धूर बाहेर नेणारं नळकांडं) ड्रायव्हरच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटर पलीकडे. स्टिअरिंग बॉक्सही ड्रायव्हरच्याच बाजूला, त्यामुळे पंप तिथेच खाली, मॅनिफोल्डच्या पोटाशी बसवावा लागतो. जागा अडचणीची, गरम आणि हात जाईल-न जाईल अशी. मूळ ब्रॅकेट जंकयार्डात मिळतं ते सत्तरच्या दशकातल्या, २५० इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही असलेल्या नोव्हा, कमॅरो किंवा पिकअपवरून. विकणाऱ्याला गाडीचं साल नक्की विचारा. १९७५ पासून या इंजिनाच्या बऱ्याच हेडमध्ये इनटेक मॅनिफोल्ड एकत्रच ओतलेलं येऊ लागलं, त्यामुळे त्या काळाचं ब्रॅकेट आधीच्या इंजिनाला लागेलच असं नाही. घेताना ब्रॅकेटचे सगळे तुकडे, स्पेसर आणि शक्य असेल तर बोल्टसुद्धा एकत्र घ्या. पाव इंचाचा एक स्पेसर हरवला की पुढचे हिशोब सगळे चुकतात.

ब्रॅकेटइतकीच महत्त्वाची क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टची, पुली. साध्या स्टिअरिंगच्या ट्रकात बहुधा एकच खाच असते, त्यावर पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर चालतात. पॉवर स्टिअरिंगला दुसरी खाच हवी. काही बॅलन्सरवर (क्रँकच्या टोकाचं, थरथर शोषणारं चाक) जादा पुली बोल्टने बसते, काहींवर नाही. म्हणून ब्रॅकेट काढाल त्याच इंजिनाची क्रँक पुलीही घ्या, म्हणजे दोघांचं एकमेकांशी जमलेलं असतं. बॅलन्सर काढायची वेळ आली तर पुलर मधल्या हबच्या आट्यांच्या भोकांत बसवायचा. बाहेरच्या कड्याला नख्या लावून ओढलात तर आतलं रबर सुटतं, कडं हळूहळू सरकतं आणि टायमिंगची खूण खोटी बोलू लागते. २५० च्या बहुतेक क्रँकना टोकाला बोल्टचं भोकच नसतं, बॅलन्सर नुसता घट्ट बसवलेला असतो. त्यामुळे परत बसवताना बोल्टने ओढून घेता येत नाही, हबवर ठोकळा ठेवून सरळ ठोकत न्यावा लागतो.

पंप सॅगिनॉ बनावटीचाच घ्यावा, हॅमच्या डब्यासारखी टाकी असलेला. या टाक्या अनेक आकारांत येतात. कुणाचं तोंड पुढे, कुणाचं मागे, परतीची नळी कुणाची खाली तर कुणाची बाजूला. टाकी मॅनिफोल्डला लागत असेल तर पंप बदलायची गरज नाही, टाकी बदलता येते. मागची दाबाची फिटिंग आणि स्टड काढले की पंप टाकीतून बाहेर येतो. फिटिंग सोडताना हात खाली धरा, तिच्यामागे फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असते आणि ती घरंगळली की शोधत बसावं लागतं. ओ-रिंग सगळ्या नव्या घाला.

पंपाची पुली दोन तऱ्हेची. जुन्या शाफ्टला चावी आणि नट, नंतरच्या शाफ्टवर पुली दाबून बसवलेली. दाबून बसणारी पुली हातोडीने कधीच ठोकू नये. ठोका सरळ शाफ्टमधून आत रोटरपर्यंत जातो आणि नवा पंपही पहिल्या दिवसापासून कण्हायला लागतो. शाफ्टच्या टोकाला आटे असतात, त्यात बसणारं पुली बसवायचं हत्यार सुट्या भागांच्या दुकानांत तात्पुरतं वापरायलाही मिळतं. या पुलीचा एक फायदा मला फार उपयोगी पडला: ती शाफ्टवर किंचित आत-बाहेर ठेवता येते, त्यामुळे बेल्टची रेष शेवटच्या क्षणी जुळवता येते.

ती रेष जुळवण्यावर घाई करू नका. बेल्ट काढून क्रँक पुलीच्या तोंडाला लांब सरळ पट्टी टेकवली, पंपाच्या पुलीच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजलं आणि फरक एक षोडशांश इंचाच्या आत येईपर्यंत वॉशर घालून-काढून पाहिलं. याहून जास्त फरक राहिला तर बेल्ट एका अंगाने झिजतो, काळी भुकटी पडते आणि ऐन वळणावर उडतो. नुसतं पुढे-मागे जुळून भागत नाही, पंप तिरका तर नाही हेही पाहावं लागतं. पट्टी पुलीच्या वरच्या आणि खालच्या कडेला आळीपाळीने लावली की तिरकेपणा कळतो. बेल्टची लांबी मी सुतळीने मोजली, पंप त्याच्या खाचेच्या मधोमध ठेवून. म्हणजे ताणायला आणि सैल करायला दोन्हीकडे जागा उरते. अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतका ताण पुरे. ताण देताना पहार ब्रॅकेटवर टेकवा, टाकीच्या पत्र्यावर नाही. पत्रा चेपला की तिथून तेल झिरपतं.

पंप चेसिसला किंवा क्रॉसमेंबरला लागत नाही हे इंजिन बंद असताना पाहून उपयोग नाही. इंजिन रबरी माउंटवर डोलतं. माउंट जुने असतील तर आधी ते बदला आणि पंपाभोवती पाऊण इंच तरी मोकळं ठेवा.

बॉक्ससाठी सॅगिनॉ ८०० मालिकेचा, १७.५:१ रेशोचा घेतला. मूळचा साधा बॉक्स २४:१ चा असतो; आकडा जितका लहान, तितकं कमी चाक फिरवून ट्रक वळतो. १२.७:१ चे झटपट बॉक्सही मिळतात, पण उंच, रिकामा आणि मागून हलका असलेल्या ट्रकात ते बोट लावलं की उडी मारतात. शिवाय कारच्या काही बॉक्समध्ये आत अडथळे असतात, पिटमन आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा, चाकांकडची लिंक ढकलणारा दांडा) पुरता फिरत नाही आणि ट्रक वळायला अर्धा रस्ता जास्त मागतो. बाहेरून बॉक्स सारखेच दिसतात, म्हणून विकत घेण्याआधी टोकापासून टोकापर्यंतचे वेढे मोजावेत.

आणखी दोन गोष्टी सालाप्रमाणे बदलतात. इनपुट शाफ्टचे दाते साधारण १९७६ पर्यंत १३/१६ इंच, ३६ दात्यांचे. त्यानंतर ३/४ इंच, ३० दात्यांचे. आणि होसची फिटिंग साधारण १९८० पर्यंत इंची फ्लेअरची (नळीचं तोंड पसरवून बसणारी), त्यानंतर १६ आणि १८ मिलिमीटरची ओ-रिंगवाली. पंप एका काळातला आणि बॉक्स दुसऱ्या काळातला असेल तर होस दोन टोकांना दोन तऱ्हेचा बनवून घ्यावा लागतो. फ्लेअरच्या भोकात ओ-रिंगची फिटिंग कशीबशी पिळून बसवली तर ती गळणारच. टेफ्लॉन टेप इथे चालत नाही, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

जुना बॉक्स काढताना पिटमन आर्मच खरा वेळ खातो. इथे ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे तो शाफ्टशी एकजीव झालेला असतो. गंज सुटायचं तेल आदल्या दिवशी मारून ठेवा, मजबूत पुलर पूर्ण ताणा आणि मग आर्मच्या बाजूला हातोडीचा ठोका द्या, शाफ्टच्या टोकावर नाही. जुना आर्म नव्या बॉक्सला चालत नाही: साध्या बॉक्सचा शाफ्ट सव्वा इंचाहून बारीक, पॉवरचा सव्वा इंची. नवा आर्म घेताना भोकांमधलं अंतर आणि आर्मचा उतार जुन्याशी ताडून पाहा, आणि लिंकच्या टोकाची निमुळती पिन त्यात घट्ट बसते का तेही. अंतर बदललं तर वळण्याचा कोन बदलतो. उतार बदलला तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं.

बॉक्स निघाला की चेसिसचा तो भाग तारेच्या ब्रशने घासून तडे बघा. पॉवर बॉक्स धरून भोकं जुळतात का पाहा. एखादं नव्याने पाडावं लागलं तर बॉक्सलाच साचा करून पाडा, अंदाजाने नाही. ७/१६ इंची उत्तम प्रतीचे बोल्ट ७० फूट-पाउंडांवर, पिटमनचा मोठा नट १८५ वर. तेवढा टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा, पण हा नट अंदाजावर सोडू नका.

पॉवर बॉक्सचं नाक लांब, त्यामुळे कॉलमचा शाफ्ट आखूड करावा लागतो. बॉक्स बोल्टने पक्का बसवून, रॅग जॉइंट (कॉलम आणि बॉक्स जोडणारा लवचिक सांधा) त्यावर चढवून मगच माप घ्यायचं. कापताना थोडा थोडा कापा. माझ्या ट्रकात गिअर कॉलमवर आहे, आणि त्याचे लिव्हर अगदी खालच्या टोकाला असतात. रॅग जॉइंट त्यांना घासणार नाही इतकी जागा मोजून ठेवावी लागली. वेल्डिंग मी टाळलं. दात्यांना बरोबर बसणारा जॉइंट विकत मिळतो, आणि त्याचा पकडबोल्ट शाफ्टच्या खाचेतून आडवा जायला हवा. नुसत्या आवळण्यावर तो राहत नाही.

रॅग जॉइंटमध्ये दोन पिना मोकळ्या असतात, त्यांच्याभोवती सगळीकडून सारखी फट दिसली पाहिजे. एका बाजूला टेकत असतील तर कॉलम तिरका आहे. डॅशबोर्डखालचे आणि फायरवॉलचे बोल्ट ढिले करून कॉलम आपोआप जागेवर येऊ द्या आणि मग आवळा. याचं कारण बॉक्सच्या आत आहे. इनपुट शाफ्टमध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही चाक वळवता तेव्हा तो किंचित पिळतो, तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं. हात सोडला की बार परत सरळ होऊन व्हॉल्व्ह बंद करतो. कॉलम कुठे अडत असेल तर बार सरळच होऊ शकत नाही, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि ट्रक स्वतःहून एकीकडे ओढत जातो. अशा वेळी लोक बॉक्स खराब म्हणून परत पाठवतात. आधी कॉलम बॉक्सपासून सोडवून हाताने फिरवून पाहा.

बसवण्याआधी बॉक्स मध्यावर आणायचा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे वेढे मोजून बरोबर निम्मे मागे. चाकं सरळ असताना बॉक्सही मध्यावर हवा, कारण दात्यांची सगळ्यात घट्ट जागा तिथेच असते. स्टिअरिंगचं चाक वाकडं दिसलं तर टाय रॉडच्या नळ्या फिरवून सरळ करा. बॉक्सच्या वरच्या स्क्रूला हात लावून ढिलेपणा लपवायचा मोह होतो. तो बहुतेक वेळा टाय रॉडच्या टोकांत असतो.

दाबाचा होस एक्झॉस्टच्या पाइपपासून दोन इंच तरी लांब न्या आणि वर उष्णतारोधक बाही चढवा. परतीला हीटरचा होस लावू नका, तेलाने तो फुगून मऊ होतो आणि पंपाच्या तोंडाशीच चपटा बसतो.

हवा काढताना पुढची चाकं वर, जॅक स्टँडवर, इंजिन बंद. टाकी भरून स्टिअरिंग सावकाश या टोकाकडून त्या टोकाकडे वीसेक वेळा फिरवा, मधून मधून तेल घाला. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. थेट चालू केलं तर पंप हवा आणि तेलाचा फेस करतो, आणि तो खाली बसायला तासभर जातो. टोकाला नेऊन चाक काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तिथे पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, दाब हजार पीएसआयच्या वर असतो आणि तेल झपाट्याने तापतं. फक्त टोकाला किंकाळी आली तर बेल्ट सैल आहे. सतत घरघर येत असेल तर हवा राहिली आहे किंवा परतीची नळी कुठेतरी पिळली आहे. जागच्या जागी पूर्ण वळवताना इंजिन धापा टाकत असेल तर आयडल पन्नासेक आरपीएम वाढवा.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, शेवटी, पण ते वगळून चालत नाही. साध्या स्टिअरिंगला हलकं वाटावं म्हणून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव, कमी ठेवलेला असतो. तसाच ठेवलात तर पॉवर स्टिअरिंगने ट्रक महामार्गावर भरकटतो आणि वळणानंतर चाक मध्यावर येत नाही. वरच्या कंट्रोल आर्मच्या शिम (पातळ चकत्या) बदलून मी तो ३ अंशांच्या पुढे नेऊन घेतला, रेडियल टायर असल्याने ते सोसतं. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचं पुढून किंचित आत वळणं, एक अष्टमांश इंच. दुकानदार जुन्या पुस्तकातला आकडा लावू पाहील, त्याला पॉवर स्टिअरिंग बसवलंय हे आधीच सांगा.

शंभरेक मैल झाले की नवा बेल्ट ताणला गेलेला असतो, तो पुन्हा आवळा. त्याच वेळी बॉक्सचे बोल्ट आणि पिटमनचा नट रेंचने तपासा, आणि टाकीतलं तेल गरम असताना पाहा.