टीबीच्या गोळ्या लगेच मिळाल्या, पोषणाचे पैसे बँकेत अडकले: माझा अनुभव

नाशिकमध्ये टीबीचे उपचार सुरू होणं अवघड नाही, हे आधी सांगतो. थोरल्या भावाचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, मनपाच्या दवाखान्यात बेडका दिला, ट्रूनॅट या तपासणी यंत्रावर जंतू निघाले, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा टीबी आहे हेही कळलं आणि गोळ्या हातात आल्या. पैसा लागला नाही. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे रुग्णाच्या खाण्यासाठी सरकार देतं ते, पैसे खात्यात पडेपर्यंत जी वणवण होते, ती टाळता येण्यासारखी आहे आणि ती टाळायची कशी हे कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही.

एप्रिल २०१८ पासून या योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे ६००० रुपये, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत. पहिला हप्ता उपचार सुरू होतानाच द्यायचा, दुसरा ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. पहिला हप्ता आगाऊ ठेवला आहे त्याला कारण आहे. झारखंडमधल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध लागतं ते याच दोन महिन्यांत. पैसे चौथ्या महिन्यात आले तर ती वेळ निघून गेलेली असते.

आता अडतं कुठे ते. आरोग्य केंद्रात आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेतात, टीबी रुग्णांच्या नोंदीच्या निक्षय पोर्टलवर खातं भरतात. तिथून यादी मंजूर होऊन पीएफएमएसकडे, म्हणजे सरकारी पैसे खात्यांत पाठवणाऱ्या केंद्राच्या प्रणालीकडे, जाते आणि तिथे खातं तपासलं जातं. खातं नापास झालं की पैसे थांबतात. मग आरोग्य केंद्र म्हणतं बँकेत जा, आणि बँकेच्या काउंटरवरचा माणूस संगणकात बघून म्हणतो, ‘आधार लिंक आहे, आमच्याकडे काही अडचण नाही.’ त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ते अपुरं असतं. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे स्वीकारण्यासाठी एनपीसीआयच्या मॅपरवर त्या बँकेचं नाव चढणं वेगळं. एनपीसीआय ही बँकांमधली देवघेव चालवणारी संस्था, आणि मॅपर म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची तिची यादी. यादीत नाव चढण्याला सीडिंग म्हणतात. त्यासाठी खातेदाराची वेगळी लेखी संमती लागते. ती दिली नसेल तर पासबुकावर आधार छापलेला असूनही आधारवर येणारे पैसे त्या खात्यात येत नाहीत.

दुसरी गोम त्याहून वाईट. मॅपरवर एका आधारला एकच बँक असते, सर्वांत शेवटी सीड झालेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदार बदलला की पगाराचं नवं खातं उघडतात, त्या फॉर्मच्या गठ्ठ्यात आधारची संमतीही सही करून जाते. सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, असंही घडलेलं आहे. पैसे मग अशा खात्यात जातात ज्याचं पासबुक घरात नाही. ‘आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचे पैसे असे दुसरीकडे पडून असतात.

म्हणून बँकेत जाण्याआधी स्वतः तपासा. बँकेत दिलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावा आणि आधार क्रमांक टाका. किंवा ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर ओटीपीने शिरून बँक सीडिंगची स्थिती बघा. तिथे कोणत्या बँकेचं नाव आहे आणि ते चालू आहे का, एवढंच महत्त्वाचं. त्याची छापील प्रत घेऊन शाखेत जा आणि नेमकं बोला: ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपरवर आधार सीड करायचं आहे, संमतीचा फॉर्म द्या.’ डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलंत तर पुन्हा तेच उत्तर मिळेल. फॉर्मच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच. काही दिवसांनी पुन्हा फोनवर तपासा. काउंटरवरच्या ‘झालं’ या शब्दावर थांबू नका.

ते झालं तरी काम संपत नाही. दुरुस्ती बँकेत झाल्याचं आरोग्य केंद्राला कळत नाही. तिथल्या एसटीएसना, म्हणजे क्षयरोगाच्या पर्यवेक्षकांना, प्रत दाखवा आणि पोर्टलवरचा तपशील समोर दुरुस्त करून घ्या. खाते क्रमांकाबरोबर आयएफएससी कोडही बघा. २०१९-२० मध्ये बऱ्याच सरकारी बँका विलीन झाल्या आणि जुन्या पासबुकावरचे कोड बंद पडले. झेरॉक्स त्याच पासबुकाची दिली जाते. पासबुकात ‘राजू’ आणि आधारवर ‘राजेंद्र’ असेल तर तेही अडतं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय धरते, ते आधी सुरू करून घ्या.

आणखी एक, जे खरं तर आधी सांगायला हवं. रुग्ण आधी खासगी डॉक्टरकडे गेला असेल तर तिथे निक्षय आयडी, म्हणजे पोर्टलवरचा रुग्णाचा नोंद क्रमांक, निघालेला असण्याची शक्यता मोठी, कारण २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. सरकारी केंद्रात तोच आयडी द्या. नवी नोंद झाली तर दोन आयडी होतात आणि लाभ त्या घोळात अडकतो. शंका आली तर १८००-११-६६६६ या मोफत निक्षय क्रमांकावर विचारा.

बेडका देताना लाळ देऊ नका. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला किमान २ मिली हवा. गोळ्यांनी लघवी तांबडी होते, ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. वजन दर महिन्याला करून घ्या: ३५ ते ४९ किलोला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ ला चार. खाणं सुधारून वजन वाढलं तर गोळ्याही बदलतात.

घरात त्याच खोलीत राहणाऱ्यांची तपासणी मागून घ्या. त्यांना टीबी नाही हे ठरल्यावर प्रतिबंधक औषध मिळतं, त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायचा असतो. आणि मध्येच सुरगाणा, पेठ किंवा परप्रांतातल्या गावी जायचं असेल तर निघण्याआधी आयडी तिकडच्या केंद्राकडे वर्ग करून घ्या. मग गोळ्या तिथे मिळतात आणि दुसऱ्या हप्त्याची नोंदही त्याच आयडीवर चालू राहते.